देसायांच्या दुनळीची पट्टी

"विश्वनाथ, ही बंदूक हाय का खुळखुळा?"

देवकोंडच्या बापूसाहेब देसायांचा आवाज नेहमी त्यांच्या आधी आत यायचा. मग पोट यायचं, मग मिशा. त्या दिवशी त्यांच्या खांद्यावर कापडी गवसणीत बंदूकही होती आणि चेहऱ्यावर असा काही राग होता, की आमच्या दुकानाच्या दारातलं मांजर उठून शेजारच्या गिरणीत निघून गेलं.

मी कोपऱ्यातल्या स्टुलावर भूगोलाचं पुस्तक घेऊन बसले होते. तेव्हा मी आठवीत होते. आता अकरावीत आहे, आणि भूगोल सोडलाय, सुटले एकदाची.

"या बापूसाहेब. जरा मोठ्यानं बोला, स्टोव्ह चालू हाय," पप्पा म्हणाले.

स्टोव्ह कायम चालू असायचा. त्यावर काही तापत नसलं तरी. आजऱ्याच्या बाजारात पप्पांना सगळे म्हणायचे की लोहाराला रॉकेल फुकट मिळतं बहुतेक. कारण फक्त आई आणि मी, आम्हा दोघींना माहीत होतं. दुरुस्त झालेली प्रत्येक बंदूक पप्पा खाणीत नेऊन वाजवून बघायचे, तीस वर्षं, कानात बोळासुद्धा न घालता. डावा कान पार गेला होता. उजव्यात अगदी जवळ जाऊन बोललं तर ऐकू यायचं, नाहीतर समोरच्यानं ओरडायला हवं. स्टोव्ह फरफरत असला की माणसं आपोआप ओरडतात.

"उन्हाळ्यात तुझ्याकडनं काळी करून नेली," देसाई ओरडले. "तवापास्नं वाजतीया. काल शेताच्या मेरेवर जरा आपटली, तर आतनं किर्रर्र! दसऱ्याला बार काढायचाय मला. बार निघाल्याशिवाय आमच्या देवाची पालखी हालत न्हाई, ठावं हाय न्हवं?"

"बघतो की."

पप्पांनी लाकडी दस्त्यापासून नळ्या सोडवल्या. आता हे सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. दुनळीच्या दोन नळ्या एकमेकींना चिकटलेल्या दिसतात, पण त्यांना धरून ठेवतात त्या दोन पट्ट्या, एक वर आणि एक खाली. वरच्या पट्टीवरून नजर लावून नेम धरायचा. या पट्ट्या नळ्यांना कथील वितळवून, म्हणजे डाख देऊन बसवलेल्या असतात. डाख धड आहे का ते डोळ्यांना दिसत नाही. नळ्या बोटाला टांगायच्या आणि लाकडाच्या दांडक्यानं हलकेच मारायचं. पट्टी घट्ट असेल तर नळी लांब, स्वच्छ वाजते, घंटेसारखी. सैल असेल तर तडा गेलेल्या मडक्यासारखी, बद्द.

ते ऐकायला कान लागतात. म्हणून मी स्टुलावर बसायचे.

पप्पांनी नळ्या टांगल्या, दांडका मारला आणि डोळे बारीक करून छताकडं बघितलं, म्हणजे कसे अगदी ऐकताहेत! मग सहज माझ्याकडं नजर टाकली. मी भूगोलाचं पान उलटलं. पान उलटलं म्हणजे सैल. नुसती वाचत राहिले म्हणजे घट्ट. ही खूण माझीच आयडिया, आणि तिचा मला भयंकर अभिमान होता. चित्त्याच्या वेगानं पान उलटायचे मी.

"सुटलीय," पप्पा म्हणाले. "वरची पट्टी."

"ते मलाबी कळतंय! का सुटली? सत्तर वर्षांत न्हाई सुटली ती. माझ्या आज्यानं आणलेली बंदूक हाय. तुझ्या हाताखालनं गेली आन् सुटली?"

"उघडून बघितल्याबिगर कसं सांगू?"

"बघ. आन् मला सांग कुणाची चूक ते. तोंडावर सांग. आमच्या खोऱ्यातली एकूण एक बंदूक माझ्या शब्दावर तुझ्याकडं येतीया, विश्वनाथ. तुझा हात ढिला पडला असंल तर मला बाकीच्यांस्नी सांगाय पायजे. जीवाशी खेळ हाय ह्यो."

ते गेले. जाताना माझ्याकडं बघून म्हणाले, "काय गं, अभ्यास कर जरा. नुसती पानं उलटतीस!"

मी इतकी हसले, की पुस्तक खाली पडलं.

दुसऱ्या दिवशी घट बसले. आई घटाखाली माती पसरत होती आणि आम्ही दोघं मागच्या खोलीत पट्टी उघडत होतो. पट्टी काढायला नळ्या बऱ्याच तापवाव्या लागतात, मग कथील पाझरतं आणि पट्टी सुटते. इथं तसं काहीच झालं नाही. पप्पांनी टोकाशी पातळ पाचर घातली आणि पट्टी थंडच, केळ्याच्या सालीसारखी उठली. खाली कथील कुठं नव्हतंच. जिथं ते चकचकायला हवं, तिथं करडी भुकटी होती आणि मध्ये मध्ये पांढरं, मिठासारखं काहीतरी जमलेलं.

पप्पांनी बोटावर घेतलं, अंगठ्यानं चोळलं.

आणि मी! माझ्या डोक्यात काही चमकलं की ते तोंडात यायला एक सेकंद लागत नाही. मी नाचलेच जवळजवळ. "पप्पा! हे मीठ तुमच्या त्या टाकीतलंय! त्यानं कथील खाल्लं!"

नळ्या काळ्या करायची आमच्या घरची जुनी रीत म्हणजे गंज चढवायचा, पाण्यात उकळायचं, तारेच्या ब्रशनं घासायचं, पुन्हा गंज चढवायचा. सगळं मनासारखं व्हायला आठवडा जातो. त्या उन्हाळ्यात एक विक्रेता आला होता. त्याच्याकडं कॉस्टिकचं मीठ होतं. ते लोखंडी टाकीत उकळायचं, नळी त्यात बुडवायची, अर्ध्या तासात कावळ्यासारखी काळी. एकनळीला ते चालतं. एकनळीला पट्टीच नसते. पप्पांनी खूश होऊन टाकीभर मीठ घेतलं आणि एकनळ्या बुडवल्या, मग देसायांची दुनळी आली, तीही बुडवली. मग आणखी दोन-तीन दुनळ्या.

"हळू बोल," पप्पा म्हणाले.

"पण बघा ना, जिथं जिथं मीठ शिरलं, तिथं तिथं..."

"इशू. हळू."

पप्पा खाली बसले, पाटावर. उघड्या नळ्या मांडीवर घेतल्या. मग म्हणाले, "बाकीच्या दुनळ्या परत मागवून घ्याय लागतील. सर्व्हिसिंग हाय म्हणून सांगू. कुणाला कळायच्या आत बसवून देऊ."

मला ते बरोबर वाटलं. खरंच. कुणाच्या हातात बंदूक धोक्याची राहू नये, आणि पप्पांचं नावही राहावं. दोन्ही जमत असेल तर काय वाईट?

"आणि ही?"

"ही तू बसव."

मला वाटलं, माझेच कान बिघडले.

"काय?"

"दोन वर्षं कानाशी भुणभुण करतीयास न्हवं, मला करू दे, मला करू दे म्हणून? कर. मी तापवतो, डाख तू दे. सगळी पट्टी, पहिल्यापास्नं शेवटपर्यंत. वाजली तर खूण तुझी."

खूण म्हणजे काय ते सांगते. नळ्यांच्या खालच्या अंगाला, जिथं लाकडी हातपकड बसते, तिथं दुरुस्ती करणारा आपली खूण ठोकतो. बाहेरून दिसत नाही. पण पुढं कधी कुणी कारागीर ती बंदूक उघडेल तेव्हा त्याला कळतं, या हातानं आधी काम केलंय. देसायांच्या दुनळीवर आजोबांचा त्रिशूळ होता. त्याच्याशेजारी पप्पांचं वर्तुळ, मध्ये ठिपका. मी माझी खूण पाचवीतच ठरवून ठेवली होती. तीन ठिपके आणि त्यांच्यावर एक छोटी कमान. शाळेच्या सगळ्या वह्यांच्या मागं मी ती काढून ठेवायचे. बाई विचारायच्या, ही कसली रांगोळी गं?

"देसायांच्या समोर ठोकायची?" मी विचारलं.

"समोर. मी सांगीन त्यांना, हे माझ्या पोरीनं केलंय."

मग काय! ते चार दिवस मी शाळेतून पळत घरी यायचे. आधी नळ्या पाण्यात उकळून उकळून मीठ काढलं. जुनी भुकटी खरवडली, लोखंड उघडं पडेपर्यंत. मग पट्टीच्या खालच्या बाजूला आणि नळ्यांवर, दोन्हीकडं कथलाचा पातळ थर चढवायचा. पहिल्यांदा माझं कथील गोळे होऊन पळालं.

"घाई करतीस," पप्पा म्हणाले. "लोखंड तापल्याबिगर कथील त्याच्याकडं जात न्हाई. तू कथलाला तापवतीयास. लोखंडाला तापव."

"नवसागर लावू थोडा? पटकन धरेल."

"नवसागर लावशील तर आतनं गंज खाईल, आन् पाच वर्षांनी पुन्हा हाईच. राळ लाव. राळ गप असते."

राळ गप असते! मला ते इतकं आवडलं, की मैत्रिणींत दिवसभर म्हणत होते. कुणी भांडायला लागलं की, ए, राळ लाव.

शेवटी पट्टी जागेवर ठेवली, तारेनं आवळली, तारेखाली बारीक पाचरी मारल्या. पप्पांनी दोन सळ्या भट्टीत लाल केल्या आणि नळ्यांच्या आत सरकवल्या. आतून उष्णता आली पाहिजे, बाहेरून ज्योत मारली तर नळी वाकडी होते. राळेचा धूर झाला, देवळासारखा वास सुटला. मी कथलाची कांडी पट्टीच्या कडेला टेकवली. एक क्षण काहीच नाही. मग कडेनं एक चंदेरी रेघ धावत सुटली, टोकापर्यंत, सरळ, अख्खी.

"हालू नको," पप्पा म्हणाले. "आता श्वाससुद्धा हळू घे."

मी श्वास घेतलाच नाही.

थंड झाल्यावर तारा सोडल्या. नळ्या मी माझ्या बोटाला टांगल्या. दांडका मारला.

टंऽऽऽऽ.

ते थांबेचना. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "आरतीला वेळ हाय अजून!"

"घट्ट हाय?" पप्पांनी विचारलं. त्यांचे डोळे माझ्या तोंडावर होते.

मी मान जोरजोरात हलवली. त्यांनी नळ्या माझ्या हातातून घेतल्या, टोक दातांत धरलं, डोळे मिटले आणि दांडका मारला. हाडातून त्यांना ऐकू यायचं थोडं. असं ते कुणासमोर कधी करत नसत. बराच वेळ तसेच उभे होते, दातांत नळी धरून. मग डोळे उघडले.

"तुझ्या आज्याला असं जमायला लग्न व्हावं लागलं हुतं," ते म्हणाले.

त्यानंतर पप्पांनी नळ्या जुन्या रीतीनं, गंज चढवून काळ्या केल्या. अजून थोड्या तपकिरी राहिल्या होत्या, पण देसायांना खंडेनवमीला घरच्या हत्यारांची पूजा करायची होती, म्हणून ते आदल्या दिवशी न्यायला आले. मी शाळेत पोट दुखतंय म्हणून सांगितलं. घरी येऊन युनिफॉर्म बदलला, निळा ड्रेस घातला. खुणेचा पोलादी ठसा पप्पांनी आदल्या संध्याकाळी कानशीनं घासून तयार करून दिला होता. तीन ठिपके आणि कमान. तो माझ्या मुठीत होता, घामानं ओला.

देसायांनी नळ्या हातात घेतल्या. स्वतःच टांगल्या, स्वतःच वाजवल्या. चेहरा निवळला.

"वाजतीया झकास."

"वाजणारच," मी म्हणाले.

"आता सांग विश्वनाथ. काय झालं हुतं? कुणाची चूक?"

पप्पा फडक्यानं हात पुसत होते. पुसतच राहिले. स्टोव्ह फरफरत होता.

"सांग की. माझ्या आज्याची बंदूक हाय, मला कळाय पायजे. तुझ्या हातनं झालं असंल तर तसं सांग, मी काय फाशी देत न्हाई. पण मग बाकीच्यांस्नी मला..."

"पोरीनं केलं," पप्पा म्हणाले.

मी पुढं झाले. हसत. मूठ उघडायच्या बेतात. मला वाटलं, दुरुस्तीचंच बोलताहेत.

"मी खाणीकडं गेलतो," पप्पा पुढं म्हणाले. माझ्याकडं न बघता, देसायांच्या मिशांकडं बघत. "हिनं मला मदत करायची म्हणून नळ्या कॉस्टिकच्या टाकीत बुडवल्या. एकनळ्या बुडवताना बघितलं हुतं तिनं. त्यानं डाख गेला. ल्हान हाय, तिला काय कळतंय. मला ठाऊक नव्हतं, आता उघडल्यावर कळलं. सगळं काढून नव्यानं बसवून दिलंय मी."

मी.

देसाई माझ्याकडं वळले. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते आणि मला दिसत होतं, राग उतरतोय. असा उतरत होता, जसा ताप उतरतो. त्याच्या जागी हसू येत होतं, लाडाचं.

"ही व्हय! आगं आगं आगं! टाकीत बुडवलीस? पातेलं वाटलं काय तुला?" ते पोट हालवत हसले. "आन् मी म्हणतोय विश्वनाथचा हात ढिला पडला! जाऊ दे विश्वनाथ, लेकराला मारू-बिरू नको हां. पोरीची जात, तिला काय कळणार? स्वैपाकघरात बुडवू दे काय बुडवायचंय ते."

"न्हाई मारत," पप्पा म्हणाले. "फक्त बाहेर कुठं बोलू नका, बापूसाहेब. हत्याराला पोरीनं हात लावला म्हटल्यावर..."

"छ्या! माझ्या पोटात ऱ्हातंय."

माझं तोंड उघडं होतं. ज्या तोंडात सगळं एका सेकंदात येतं, त्यात काहीच येईना. खरं सांगायचं तर एकच वाक्य आलं होतं. खोटं आहे. पण मी ते बोलले असते तर पुढचा प्रश्न होता, मग खरं काय? खरं म्हणजे टाकी. टाकी म्हणजे बाकीच्या दुनळ्या. आणि कुणी विचारलं असतं की, विश्वनाथ, उन्हाळ्यात परत देताना नळ्या बद्द वाजत होत्या, ते तुला कसं कळलं नाही? तर मग कान. मी एक धागा ओढला असता आणि पप्पा अख्खे उसवले असते. पप्पांना हे माहीत होतं, म्हणून तर त्यांनी मला निवडलं होतं.

देसाई गेले. जाताना पप्पांनी सर्व्हिसिंगचं काढलं, तेव्हा बाकीच्या दुनळ्या दसऱ्यानंतर आणून द्या असा निरोप स्वतःच देतो म्हणाले. पप्पांचं नाव जागच्या जागी राहिलं.

मी मूठ उघडून ठसा बाकावर ठेवला. पप्पांनी स्टोव्ह विझवला. किती तरी दिवसांनी दुकान एकदम गप्प झालं.

"ये," ते म्हणाले, हळू आवाजात. "दुसरी नळी येईल तिच्यावर मारू खूण. तुझीच."

"कशाची खूण? बिघडवल्याची?"

"असं बोलू नको."

"मी बुडवली होती?"

"इशू, समजून घे. मी बुडवली म्हटलं असतं तर उद्यापास्नं दुकानात कोण आलं असतं? माझ्या चुकीला माफी न्हाई. तुझ्या चुकीला हाय. बघितलंस न्हवं? हसले ते. तू ल्हान हायस, ल्हानाचं कोण ध्यानात ठेवतंय?"

"बरं. चूक माझी. पण पट्टी? पट्टी कुणी बसवली? ते तरी सांगायचं होतंत. एकच सांगायचं होतंत, पप्पा. बिघडवली पोरीनं आणि नीट केली पोरीनंच. त्यात तुमचं काय गेलं असतं?"

पप्पांनी नळ्या घासायचा ब्रश उचलला, जागेवर ठेवला, पुन्हा उचलला.

"काय म्हणालीस?"

मी त्यांच्या उजव्या बाजूला होते. हातभर अंतरावर. बोललेही जोरात होते.

मी पुन्हा म्हणाले नाही.

आईनं सगळं आतून ऐकलं होतं. रात्री भाकरी थापता थापता म्हणाली, "घर चालतंय त्याच्यावर. तुझं काय झिजलं त्यात?" मग जरा थांबून, "माझ्यावर ढकलायला मी तिथं नव्हते, म्हणून तुझ्यावर ढकललं. न्हाईतर माझ्यावर आलं असतं." हे ती अशा आवाजात म्हणाली, जसं मीठ संपलंय म्हणावं. मला तोपर्यंत वाटायचं, आईला काही माहीत नसतं.

दसऱ्याला देवकोंडला जायचं होतं. देसायांनी पप्पांना मानानं बोलावलं होतं. बार निघाल्यावर कारागिराला नारळ आणि टोपी देतात तिथं. मी येणार नाही म्हटलं. आई म्हणाली, "जा. तिथं ढोल असतात. त्यांना कोण काय बोलतंय ते कळायचं न्हाई." मी गेले. गाडीवर पप्पांच्या मागं बसले, पण त्यांच्या खांद्याला धरलं नाही, मागच्या कड्याला धरलं. घाटात प्रत्येक वळणावर ते म्हणत होते, नीट धर.

देवळापुढं सगळा गाव जमला होता. पालखी सजवून ठेवली होती, भोई खांदा द्यायला वाकून उभे होते. देसायांनी फेटा बांधला होता. दुनळी वर, आभाळाकडं धरली. ढोल थांबले. लोक कानावर हात ठेवून, डोळे बारीक करून उभे होते. पप्पांनी हात ठेवले नाहीत. मीही ठेवले नाहीत.

दोन बार निघाले, एकामागोमाग एक. डोंगरातनं परत आले. पक्षी उडाले, पालखी उचलली गेली, गुलाल उधळला आणि ढोल असे सुटले की पायाखालची जमीन थरथरायला लागली. माझं काम होतं ते. त्या दोन नळ्यांच्या मध्ये, वरपासून खालपर्यंत, माझी चंदेरी रेघ होती, आणि ती हलली नव्हती. एवढं सगळं झाल्यावरही माझ्या अंगावर काटा आला. मला स्वतःचा राग आला, पण आलाच.

देसाई बंदूक बिजागरीत उघडून वाजलेल्या काडतुसांची टरफलं काढत आमच्याकडं आले. त्यांच्यामागं मानकरी, भावकी, दहा-पंधरा माणसं. त्यांनी पप्पांच्या पाठीवर थाप मारली. मग माझ्याकडं बोट केलं आणि सगळ्यांकडं वळले.

"ही वळखलासा का? आमची नवी कारागीर! आज्याची बंदूक घेतली आन् बुडवली की टाकीत, भांडी बुडवल्यागत! विश्वनाथ हुता म्हणून, न्हाईतर आज देव पालखीतच बसून ऱ्हायला असता. हिच्या लग्नात रुखवतात बंदूक ठेवू नकासा रं!"

सगळे हसले. म्हातारी माणसं, बायका, माझ्याएवढी पोरं. एकजण म्हणाला, नवऱ्याला बुडवंल ही. आणखी हसले. हसण्यात वाईटपणा नव्हता, सणाचं हसणं होतं ते. त्यामुळं त्याच्यावर चिडताही येत नव्हतं.

मी पप्पांकडं बघितलं.

पप्पा हसत होते. सगळ्यांबरोबर, तोंडभर, मान हलवत. ढोल आमच्यापासून दहा पावलांवर होते. त्यांना एक अक्षर ऐकू आलं नव्हतं. त्यांनी एवढंच बघितलं होतं की देसायांनी पाठीवर थाप मारली, माझ्याकडं बोट केलं आणि लोक हसले. त्यांना वाटलं, कौतुक चाललंय. लोक हसायचे थांबले तरी ते क्षणभर हसत राहिले, उशिरा कळल्यासारखे थांबले आणि माझ्याकडं थोडे वाकले. उजवा कान माझ्याकडं करून. ओठ फारसे न हलवता त्यांनी विचारलं, "काय म्हणाले?"

मला काहीही सांगता आलं असतं. बार छान निघाला म्हणाले. पट्टी झकास म्हणाले. सगळ्या जगात त्यांच्यासाठी मी जे सांगेन ते खरं होतं. समोर माणसं आमच्याकडं बघत उभी होती. देसायांचा एक भाऊ टोपी आणि नारळाचं ताट घेऊन येत होता.

मी टाचा उंच केल्या. तोंड त्यांच्या कानाशी नेलं, हाताचा आडोसा केला, म्हणजे दुसऱ्या कुणाला कळणार नाही, आणि सगळं सांगितलं. जसं म्हणाले तसं. टाकी, भांडी, देव बसून राहिला असता, रुखवत, नवऱ्याला बुडवेल. एक शब्द गाळला नाही. आणि शेवटी म्हणाले, "आणि तुम्ही हसलात, पप्पा."

त्यांना ऐकू आलं. अगदी नीट ऐकू आलं. माझ्या हाताखाली त्यांचा गाल ताठ झाला.

ते सरळ उभे राहिले. लोक बघत होते, म्हणून हसू त्यांनी काढलं नाही. ते तसंच तोंडावर ठेवून, डोळे दुसरीकडं नेऊन, ते पुढं गेले आणि डोकं वाकवून टोपी घालून घेतली.